खसखस, बाळागोळी आणि जगाचे करार
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आजच्या भाषणाचा विषय जाहीर केला तेव्हा मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. अफूविषयीचे आंतरराष्ट्रीय करार आणि महिला मंडळ यांचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. पण दिवाळीला आपण ज्या खसखशीवर अनारसे थापतो, ती अफूच्याच बोंडातली. बोंड हिरवे असताना त्याला चिरा दिल्या म्हणजे चीक पाझरतो. तो आटला की अफू. बोंड वाळले म्हणजे आत खुळखुळते ती खसखस. म्हणूनच कायद्याने चीक धरला, बोंड धरले, काडीही धरली, पण बी सोडून दिले. आपला अनारसा निर्दोष आहे!

आपल्या खानदेशचा या व्यापाराशी संबंध आला तो मुख्यतः वाटेचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. माळव्यातून मुंबईकडे उतरणारी जुनी वाट म्हणजे सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक. आपला आग्रा रोड. पुढे आगगाडी आली, तीही खांडवा-भुसावळवरूनच. या मालावर इंग्रज सरकार परवान्याची पट्टी घेई. सिंध प्रांत इंग्रजांच्या ताब्यात नव्हता तोवर व्यापारी कराचीमार्गे दमणला माल नेऊन ती पट्टी चुकवीत. १८४३ साली सिंध घेतला, ती वाट बंद झाली आणि पट्टी चढत गेली. १८४७ साली पेटीमागे ४०० रुपये होती ती १८६० नंतर ६०० वर गेली. पेटीत माल सुमारे १४० पौंड. अशी तिजोरी भरणारे सरकार बंदी कशाला घालील? विलायतेत ओरड झाली म्हणून १८९३ साली रॉयल कमिशन नेमले; १८९५ साली त्याने सांगितले की, हिंदुस्थानात अफूबंदीची गरज नाही.

पण चीनने नेट धरला. १९०७ साली ठरले की हिंदुस्थानातून तिकडे जाणारी अफू दरसाल एक दशांशाने कमी करायची. १९०९ साली शांघायला तेरा राष्ट्रे जमली. त्यांनी नुसते ठराव केले. पहिला खरा करार हेगचा, २३ जानेवारी १९१२ चा. त्यालाही पुष्कळांनी मान्यता देण्याचे लांबणीवर टाकले. मग महायुद्ध झाले आणि व्हर्सायच्या तहात एक कलम आले की, जो हा तह मान्य करील त्याने हेगचा करारही मान्य केला असे समजावे. न ऐकणाऱ्या पाहुण्याला पंगतीतच बसवून टाकावे, तशातला हा प्रकार!

१९२५ साली जिनिव्हाला देशादेशांतील मालाची आयात-निर्यात दाखल्याशिवाय होऊ नये असे ठरले. गांजाही याच वेळी प्रथम करारात आला. तो आग्रह इजिप्तचा. करार पुरेसा कडक नाही म्हणून अमेरिकेची मंडळी उठून गेली. १९३१ च्या करारात प्रत्येक देशाने औषधासाठी वर्षाला किती माल लागेल याचा अंदाज आधी द्यायचा असे ठरले. वर्षाचे धान्य भरणाऱ्या आपल्यासारखींना ही कल्पना समजावून सांगायला नको. शेवटी ३० मार्च १९६१ रोजी न्यूयॉर्कला जुने बहुतेक करार एकत्र गुंफले गेले. त्यात गांजा आला; नुसती पाने, म्हणजे आपली शिवरात्रीची भांग, व्याख्येतून सुटली. १९७१ व १९८८ चे करार त्यानंतरचे.

आता मला खरे सांगायचे आहे ते वेगळेच. बंदरावर आणि परिषदांत हे चालले असता घरात काय चालले होते? १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणीकामगार बायांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या शंभरांतील अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू मिळत होती! बाळागोळी म्हणून ती उघड विकली जाई. आई दहा-दहा तास साच्यावर. पाळण्याजवळ म्हातारी नाही, पाळणाघर नाही. मग बाळ झोपवायचे कसे? त्या आईला दूषणे देणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र तिच्यापेक्षा तिच्या मालकाला आणि गोळीवर परवाना-शुल्क घेणाऱ्या सरकारला विचारावेसे वाटते. हेगच्या करारात त्या पाळण्यासाठी ओळ नव्हती.

दुसरी गोष्ट अगदी आजची. भारतात १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. बऱ्याच गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी. याच अफूच्या चिकापासून मॉर्फीन होते आणि कर्करोगाच्या वेदनेवर त्याच्यासारखे औषध थोडेच. १९६१ च्या कराराच्या आरंभीच लिहिले आहे की, वेदना शमविण्यासाठी ही औषधे अपरिहार्य आहेत व ती मिळण्याची तजवीज झाली पाहिजे. पण कायद्याच्या धास्तीने दुकानदार ती ठेवीनात, डॉक्टर लिहून देईनात. परवान्यावर परवाने! पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातील मॉर्फीनचा वापर शेकडा नव्वदाहून अधिक घसरला. आणि हे कोठे? नीमचला सरकारी अफूचा कारखाना असलेल्या, अफूचा चीक रीतसर निर्यात करणाऱ्या आपल्याच देशात.

शेजघरात सासू किंवा आई रात्रभर कण्हत असते आणि उशाशी सूनच नाही तर लेकच बसलेली असते. हा प्रश्न बायकांचा नाही असे कोण म्हणेल? २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली; अत्यावश्यक औषधांसाठी सबंध देशाला एकच नियम आला. मान्यता मिळालेल्या दवाखान्यातून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मॉर्फीन मिळू शकते. सवय लागेल ही भीती घरोघर असते. वेदनेपुरते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले औषध आणि व्यसन यांत फरक आहे, हे कुटुंबातल्या पुरुषांनाही सांगावे लागते.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत अशी मान्यता असलेले दवाखाने कोणते, त्यांच्याकडे औषध खरोखर शिल्लक असते का, याची चौकशी करून मंडळाने ती यादी आपल्या फलकावर लावावी, अशी माझी सूचना आहे. चौकशीला जाणाऱ्यांत माझे नाव घालावे. आणखी दोघी हव्यात.