नांवापासून ठिकाणापर्यंत

पावसाळ्यांत पर्लकोटा नदीस पूर आला म्हणजे गडचिरोली जिल्ह्यांतील भामरागडची वाट बंद होते. अशा वेळीं तेथील एखाद्या शेतकऱ्यास सरकारी सूचना पाहावयाची असली, आणि संदेशवहन शाबूत असलें, तर तो हातांतील मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत ‘गडचिरोली.गव्ह.इन’ हें नांव लिहितो. परंतु यंत्रास नांवानें वाट सांपडत नाहीं. त्यास आंकड्यांचा पत्ता लागतो. नांवावरून तो पत्ता काढून देण्याचें काम नोंदी करतात.

आरंभीं अमेरिकेंत सर्व यंत्रांचीं नांवें एकाच यादींत असत, व ती यादी सर्वांस नकलून घ्यावी लागे. यंत्रें वाढलीं तशी ती अपुरी पडूं लागली. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नवी योजना मांडली. तिचें मर्म हें कीं, ज्याचें दप्तर त्यानें सांभाळावें. वरच्यानें पुढें कोणास विचारावें एवढेंच सांगावें.

चांदेकरांस ही रीत परकी वाटूं नये. चांद्याचें नांव १९६४ सालीं चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्या जिल्ह्यांतून गडचिरोली वेगळा निघाला. तेव्हांपासून एटापल्लीच्या जमिनीची चौकशी करणाऱ्यानें चंद्रपुरास नव्हे, गडचिरोलीस जावयाचें. संगणकाचें तसेंच आहे. तो नांव उजवीकडून वाचतो. मूळ दप्तर ‘इन’कडे, ‘इन’ ‘गव्ह’कडे, आणि ‘गव्ह’ गडचिरोलीच्या दप्तराकडे बोट दाखवितें. वाट दाखविणारी ही नोंद ‘एनएस’ होय. अखेरच्या दप्तरांतील ‘ए’ नोंदींत यंत्राचा प्रत्यक्ष आंकडा असतो. टपाल कोठें द्यावें हें ‘एमएक्स’ सांगते. आणि चांदा विचारणाऱ्यास चंद्रपूर दाखवावें, तसें उपनांवावरून खरें नांव ‘सीनेम’ सांगते.

प्रत्येक वेळीं एवढा प्रवास नको, म्हणून वाटेवरील यंत्र मिळालेलें उत्तर जपून ठेवतें. किती वेळ ठेवावें हें नोंदींतच सेकंदांत लिहिलेलें असतें. ८६,४०० म्हणजे एक दिवस. येथेंच घोटाळा संभवतो. कचेरीनें सकाळीं यंत्र बदललें, तरी दिवसभर कित्येकांस जुनाच पत्ता मिळत राहतो. सूचना जागेवर असते, वाचणारा मात्र हात हालवीत परततो. म्हणून जाणता व्यवस्थापक ही मुदत आधींच ३०० सेकंदांवर आणतो, आणि जुनें यंत्र कांहीं काळ चालूं ठेवतो.

याहून मोठें भय खोट्या उत्तराचें. त्यासाठीं नोंदींवर गणिती सही करण्याची सोय आहे. मूळ दप्तरावर ती २०१० सालीं झाली. परंतु सही खऱ्या नांवाची नोंद राखते. मिळतेंजुळतें दुसरें नांव घेऊन बसलेल्या ठकास ती अडवीत नाहीं. ‘गव्ह.इन’ हा शेवट सरकारी संस्थांसच मिळतो. तेव्हां आपला आधार क्रमांक वा बँकेचें खातें लिहून देण्यापूर्वीं, यंत्र वाचतें तसेंच नागरिकानेंहि नांव उजवीकडून वाचावें. एवढ्या संवयीनें पुष्कळांची पुंजी वांचेल.