लोहाची गोळी: कधी, कशी, किती दिवस?

गरोदरपणी आईच्या अंगातलं रक्त वाढतं, शिवाय बाळ आणि वारेलाही लोह लागतं. एवढी गरज नुसत्या जेवणातून भागणं कठीण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं.

म्हणून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते.

गोळी लिंबूपाण्यासोबत घेतली तर लोह चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफी मात्र तासभर लांब ठेवा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. शौचाला काळं होणं साहजिक आहे, घाबरू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा झोपताना घेऊन पाहा.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने गोळी वाढवू नका, बंदही करू नका. काही शंका असेल तर आपल्या भागातल्या आशा कार्यकर्त्या ताईंना विचारा.