पाठीवर चांदण्या असलेला पाहुणा



दोन वर्षांपूर्वी आमच्या परळच्या चाळीतल्या खोलीत एक कासव आलं. लेकाला नोकरी लागत नव्हती. कुणीतरी म्हणालं, घरात कासव ठेवा, भरभराट होते. सासूबाईंनी पैसे काढून दिले आणि मी पिशवीतून घेऊन आले. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. बाजारात त्याला स्टार कासव म्हणतात. आम्ही ते पाण्याच्या टबात ठेवलं.

तिथेच चुकलं. हे कासव पाण्यातलं नाहीच. गुजरात-राजस्थानात, खाली आंध्र-तामिळनाडूकडे कोरड्या माळरानावर ते राहतं. गवत, पाला, फुलं खातं. आम्ही त्याला डाळभात घालत होतो. आमच्या खोलीत ऊन तर येतच नाही. वर्षभरात त्याच्या पाठीला वेडेवाकडे उंचवटे आले. नोकरी काही लागली नाही.

मग शेजारच्या कॉलेजातल्या मुलीनं सांगितलं, "काकू, हे घरात ठेवणं गुन्हा आहे." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. आता हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीला! शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. विकणारा जसा गुन्हेगार, तशी घेणारीही. २०१९ साली देशोदेशींच्या करारानंही त्याचा व्यापार बंद केला.

टीव्हीवर बर्फातलं पांढरं अस्वल पाहून आपण हळहळतो. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ते अस्वल आणि हे कासव एकाच पायरीवर आहेत. अस्वलाचा बर्फ वितळतोय, आणि कासवाला आपली हौस भोवतेय.

मी घाबरत घाबरत वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन केला. माणसं आली, सगळं लिहून घेतलं, कासव घेऊन गेली. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्याच म्हणाल्या, "देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच की. त्याला हात लावून नमस्कार केला, तेवढं पुरे."

तुमच्या घरात असं कासव असेल, तर ते चौपाटीवर सोडू नका, बुडून मरेल. बागेतही सोडू नका. फोन करा. आणि पुन्हा कुणी विकायला आलं, तर घेऊ नका. आपण घेतलं नाही, तर माळावरून ते उचलेल कोण?