कोतो : कचरा कोणाच्या दारात?

श्रोतेहो, आम्ही जपान पाहिलेला नाही. सांगतो ते वाचून. टोकियोच्या 23 विशेष प्रभागांपैकी कोतो हा एक. सुमिदा आणि आराकावा या नद्यांमधला सखल मुलूख, बराचसा भर घालून मिळवलेला. फुकागावा व जोतो हे प्रभाग जोडून तो 1947 साली झाला. कारखान्यांनी जमिनीखालचे पाणी इतके उपसले की जमीनच खचली. बरीच वस्ती आज भरतीच्या पातळीखाली आहे. 1923 च्या भूकंपानंतर येथल्याच कामेइदो पोलीस ठाण्यात सैनिकांनी कामगार कार्यकर्ते ठार केले. 10 मार्च 1945 च्या बाँबहल्ल्यात वस्ती जळाली. लाकडाच्या वखारी पुढे हलल्या. 2018 पासून मासळीचा मोठा घाऊक बाजार तोयोसूत भरतो.

पण आम्हांला बोलायचे आहे ते कचऱ्यावर. शहराचा कचरा कोतोच्या किनाऱ्यावर येई. एका भरावाचे नाव युमेनोशिमा, म्हणजे स्वप्नांचे बेट! 1965 च्या उन्हाळ्यात तेथून माश्यांचे थवे घराघरांत शिरले. पश्चिमेकडील सुगिनामीत कचरा जाळण्याची भट्टी बांधायची, तर तेथील रहिवासी विरोधात उभे राहिले. म्हणजे कचरा त्यांचा, दुर्गंधी कामगारांची! 1971 साली गव्हर्नर मिनोबे यांनी ‘कचरायुद्ध’ पुकारले. 1973 च्या मे महिन्यात कोतोच्या प्रभागसभेचे सभासद रस्त्यावर उतरले आणि त्यांनी सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. गंमत अशी की, तेव्हा प्रभागप्रमुख निवडण्याचा हक्कही लोकांना नव्हता. 1952 साली गेलेला तो हक्क 1975 साली परत आला. सुगिनामीची भट्टी पेटली 1982 साली.