जिवंत पेशींची छपाई

श्रोतेहो, ‘छापलेले मूत्रपिंड’ अशी बातमी आली, की ज्यांच्या घरचा रुग्ण मूत्रपिंडाची वाट पाहतो आहे त्यांची आशा पालवते. म्हणून आधीच सांगतो, रुग्णाला बसवता येईल असे छापलेले मूत्रपिंड आज कोठेही मिळत नाही. मग या विद्येत आहे तरी काय?

अंधेरीहून मुलुंडकडे जाताना पवईचा तलाव लागतो. त्याच्या काठच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच पेशींचा उपचार तयार झाला. टाटा स्मारक रुग्णालयात त्याच्या चाचण्या झाल्या आणि २०२३ साली त्याला मंजुरी मिळाली. पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढवायच्या, हा त्याचा पाया. छपाईचाही पाया तोच.

छपाईची शाई म्हणजे जिलेटिन किंवा समुद्रशैवालातले अल्जिनेट, आणि त्यात मिसळलेल्या पेशी. संगणकाच्या हुकुमाने पिचकारी थरावर थर घालते. तोटी फार बारीक आणि दाब फार जास्त झाला, तर पेशी चिरडतात. जाड गोळा केला, तर आतल्या गुदमरतात. कारण रक्तवाहिनीवाचून प्राणवायू सुमारे ०.२ मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो. म्हणून आज त्वचेचे, यकृताचे लहानसे नमुने करतात आणि त्यांच्यावर औषधे पारखतात. अशा चाचण्यांना आपल्या देशाच्या नियमांनीही २०२३ साली वाट करून दिली.

शिक्षक मित्रहो, सुरुवात पेशींविनाच करा. अल्जिनेटचे पातळ द्रावण बिनसुईच्या पिचकारीत भरा आणि कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडा. धार पाण्यात पडताच तिची शेवई होते. द्रावण मुलांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका, एवढे सांभाळा.

प्रयोगशाळेतही हाच क्रम. आधी सरळ रेघ, मग जाळी, मग पेशी. थोड्या पेशी न छापता बाजूला ठेवाव्यात. दोन्ही ३७ अंश उष्णतेत, पोषक द्रवात जपाव्यात. पुढे ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून पाहावे. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंग आत घेत नाहीत. छापलेल्यांत निळ्या जास्त दिसल्या, तर दोष आपल्या हाताचा.

लावणी झाली म्हणून पीक आले, असे कोणी शेतकरी म्हणत नाही. रोप तरारले की मगच तो बोलतो. इथेही तसेच.