पहिल्या वर्षाचा हिशेब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सोलापूर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आम्ही चार जण मिळून एक पाक्षिक काढतो. मी निवृत्त शिक्षक. बाकीच्या तिघांत एक वकील, एक शेतकरी आणि एक अंगणवाडी सेविका. आठ पानांच्या या अंकात बातम्या जवळजवळ नसतातच. असतात ती मतं. पाण्याबद्दल, शाळेबद्दल, लग्नातल्या खर्चाबद्दल, बाजार समितीबद्दल. या महिन्यात आमच्या पाक्षिकाला एक वर्ष पूर्ण झालं. वर्धापनदिन म्हटला की विशेषांक, हारतुरे आणि पुढाऱ्यांच्या शुभेच्छांच्या जाहिराती आल्याच. ते सगळं बाजूला ठेवून आम्ही हिशेब मांडायचं ठरवलं. पैशांचा हिशेब तर मांडावाच लागतो. पण दुसराही एक हिशेब आहे. छोट्या गावातल्या माणसांनी आपलं मत छापून लोकांपुढे ठेवलं, तर त्याचा उपयोग काय होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो?

हा प्रश्न मराठीत मुळीच नवा नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा मुलगा एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी छापत होता. मराठी मजकूर आपल्या लोकांसाठी, तर इंग्रजी राज्यकर्त्यांसाठी, म्हणजे इथली माणसं काय विचार करतात हे त्यांना कळावं म्हणून. सुरुवातीला पाक्षिक असलेलं 'दर्पण' काही महिन्यांतच साप्ताहिक झालं. वर्तमानपत्र वाचायची सवय नसलेल्या समाजात ते १८४० पर्यंत चाललं. आज ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो. पण त्या पहिल्या वर्षी, दर पंधरवड्याला पुढचा अंक निघेल की नाही, ही काळजी त्या तरुणाला किती वेळा पडली असेल, याचा विचार आपण फारसा करत नाही.

'केसरी'चं उदाहरण आणखी बोलकं आहे. तो ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात सुरू झाला, आगरकर संपादक होते. वर्ष पुरं होतं न होतं तोच कोल्हापूरच्या छत्रपतींना मिळणाऱ्या वागणुकीवरच्या लेखनामुळे तिथल्या दिवाणांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं होतं ती बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले.

या खटल्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी या दोघांसाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. फुल्यांचे आणि 'केसरी'चे विचार जुळत होते असं कुणीच म्हणणार नाही. तरीही लिहिणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकलं जातंय म्हटल्यावर मतभेद असलेला माणूस मदतीला उभा राहिला. पुढे टिळक आणि आगरकर यांचंच पटेनासं झालं. १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढलं. त्यातल्या मतांपायी विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. मतपत्र चालवणं म्हणजे काय, ते या दोन उदाहरणांत सामावलेलं आहे. कधी विरोधक जामीन देतो, तर कधी शेजारी तिरडी बांधतो.

आणि पैसा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघालं. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षण पुरं करण्यासाठी लंडनला गेले. 'मूकनायक'ला वर्ष झालं तेव्हा ते सातासमुद्रापलीकडे होते. पत्र १९२३ मध्ये बंद पडलं. १९२७ मध्ये त्यांनी पुन्हा 'बहिष्कृत भारत' काढलं. तेव्हा रकानेच्या रकाने ते एकटेच लिहीत. वर्ष संपत आलं असताना त्यांनी एका अग्रलेखातून समाजाला विचारलं की, या पत्रावर झालेलं कर्ज हे सगळ्या लोकांचं कर्ज नव्हे का? वाचकाने फक्त वाचावं आणि कर्ज मात्र संपादकाने फेडावं, हे काही खरं नाही, असा त्या विचारण्याचा अर्थ मी घेतो.

श्रोतेहो, या मोठ्या माणसांच्या पंक्तीत आमचं पाक्षिक मी बसवत नाही. त्यांच्या वाट्याला तुरुंग आला, आमच्या वाट्याला छापखान्याची उधारी. पण प्रश्न त्याच घरातले आहेत.

आमच्या वर्षातलं एकच प्रकरण सांगतो. आमच्या भागात डाळिंबाने अनेकांना चार पैसे दाखवले. पण त्या बागा जगवायला बोअर पाडले गेले. एक आटला की दुसरा, तो आटला की तिसरा. भूजलाच्या कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. ६० मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. आमच्याकडे पाचशे फुटांवर गेल्याशिवाय कुणी बोअरची गोष्टच काढत नाही. चौथ्या अंकात आम्ही लिहिलं की, हे थांबलं पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद ठेवले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवली. ते तिथे जमलं, मग इथे का नाही?

अंक निघाला आणि पंधरा दिवसांत दोन गोष्टी झाल्या. शेवटच्या पानावर नेमाने जाहिरात देणाऱ्या बोअरच्या गाडीवाल्याने जाहिरात थांबवली. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्या फांदीवर तो बसला होता तीच आम्ही तोडा म्हणत होतो. दुसरी गोष्ट मात्र जिव्हारी लागणारी होती. माझाच एक जुना विद्यार्थी बाजारात भेटला. त्याची दोन एकर बाग, डोक्यावर सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला पेन्शन हाय, म्हणून तुम्हाला पाणी वाचवायचं सुचतंय. माझी बाग जळताना मी बघत बसू व्हय?"

याला काय उत्तर द्यायचं? मी त्याला म्हटलं, "हेच लिहून दे." त्याने वहीच्या दोन पानांवर लिहून दिलं. आम्ही ते पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापलं, आमच्या मताच्या वर. त्याखाली उत्तर म्हणून एक ओळही जोडली नाही. मग पत्रांची रीघ लागली. एका बाईंनी लिहिलं की, बोअर पाडायचा निर्णय पुरुष घेतात आणि आटल्यावर टँकरच्या रांगेत घागर घेऊन आम्ही उभ्या राहतो. एकाने सगळ्या बोअरच्या खर्चाचा हिशेब पाठवला. त्यात कोरड्या गेलेल्या बोअरचा खर्च बागेच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाएवढा होता.

निकाल काय लागला? बोअर थांबले नाहीत. पण एका वस्तीवरच्या शेतकऱ्यांनी ठरवलं की, दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून आपापल्या विहिरीची पातळी मोजायची आणि ती शाळेच्या फळ्यावर लिहायची. माझा तो विद्यार्थीही त्यांत आहे. त्याचं मत बदललेलं नाही. पण कोणाच्या विहिरीत किती पाणी आहे, हे आता सगळ्यांना दिसतं. छापील मताने एवढं केलं तरी मी ते कमी मानत नाही. भांडण निदान खऱ्या आकड्यावर येऊन थांबलं.

लोक मला विचारतात, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग कागदावर कशाला छापता? मोबाइलवर मत येतं आणि संध्याकाळपर्यंत वाहून जातं. कुणी लिहिलं, याचा पत्ता नसतो. आमच्या अंकात लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव छापलेलं असतं. उद्या तो एसटी स्टँडवर भेटणार असतो. त्यामुळे लिहिताना तो दोनदा विचार करतो आणि लिहिल्यावर मागे हटत नाही.

आता पैशांचा हिशेब. वर्गणी दीडशे रुपये, वर्गणीदार चारशे तीस. वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात घ्यायची नाही, असं पहिल्याच बैठकीत ठरलेलं, कारण ज्याला शुभेच्छा द्यायच्या त्याला प्रश्न विचारणं अवघड होतं. वर्षाअखेर छापखान्याचं अकरा हजार रुपये देणं निघालं. बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न मी वर्गणीदारांच्या सभेत तसाच विचारला. सगळी रक्कम जमली नाही, पण निम्मी जमली. उरलेली आम्ही चौघांनी वाटून घेतली.

आपल्या भागातही असं एखादं पत्र निघत असेल. ते शेजाऱ्याकडून मागून वाचू नका, वर्गणी भरून वाचा. आणि त्यातलं मत पटलं नाही तर वर्गणी बंद करू नका, पत्र लिहा. मतपत्र टिकतं ते त्याला नावं ठेवत ठेवत ते विकत घेणाऱ्या वाचकांवर.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या अंकापासून आम्ही त्या वस्तीवरच्या विहिरींच्या पातळीचा तक्ता दर महिन्याला छापणार आहोत. आणखी तीन वाड्यांनी आकडे देतो म्हणून कळवलं आहे.