परक्या गावाची वाट

सकाळी सहाच्या सुमारास तुम्ही चिंचवड-निगडीच्या रस्त्याने फिरायला निघालात, तर एक दृश्य तुम्हांला हमखास दिसेल. चौकाचौकांत, एखाद्या बंद दुकानाच्या पायरीशी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली आठ-दहा मंडळी उभी असतात. कुणी जांभई देत असतो, कुणी टपरीवरचा चहा घाईघाईने संपवत असतो. इतक्यात कंपनीची बस येते. मंडळी चढतात, आपापल्या ठरलेल्या खिडकीशी बसतात, डोके मागे टेकतात आणि डोळे मिटून घेतात. ते उघडतात थेट चाकणला, कारखान्याच्या फाटकात.

या बसवर माझा राग नाही. चाकणला आगगाडी नाही, मेट्रो नाही. जी काय वाट आहे ती नाशिक रस्त्याची, नाहीतर तळेगावकडून येणाऱ्या रस्त्याची, आणि दोन्हींवरची कोंडी मी तुम्हांला सांगायला नको. अशा ठिकाणी कंपनी माणसाला दारातून उचलते आणि दारात आणून सोडते, ही सोय मोठीच आहे. पण प्रत्येक सोय आपल्याकडून काहीतरी काढून घेत असते. ही सोय काय काढून घेते, ते मला चिंचवडला राहून कधी कळले नव्हते. ते कळायला परदेशी जावे लागले.

माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहे. सात वर्षे त्याने अशाच बसने ये-जा केली. २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडाला कंपनीने त्याला दीड वर्षासाठी जर्मनीला धाडले. तसे आता आपल्याकडे नवल राहिलेले नाही. चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीजही पिंपरीहून चाकणला आली. तेव्हापासून वोल्फ्सबुर्ग आणि श्टुटगार्ट ही नावे आमच्या गल्लीतल्या आजीबाईंच्याही तोंडी बसली आहेत. भावाचे काम मात्र नव्या तऱ्हेचे होते. आठवड्यातले दोन दिवस तिथल्या कार्यालयात, आणि उरलेले तीन दिवस खोलीवर बसून, संगणकावरून, चाकणच्या मंडळींबरोबर. म्हणजे माणूस जर्मनीत आणि काम चाकणात!

त्याला जाऊन आठ महिने झाले, आणि मे महिन्याच्या सुटीत पाच आठवड्यांसाठी मी त्याच्याकडे गेलो. दुसऱ्या दिवशी खिडकीत उभा होतो. खालून एक बस गेली. मी सहज विचारले, "ही कुठं जाते रे?"

तो म्हणाला, "काय माहीत दादा. मी कधी बसलो नाही."

मला वाटले, थट्टा करतो आहे. पण ते खरे होते. आठ महिन्यांत त्याला त्या शहरातली तीन ठिकाणे ठाऊक होती: खोली, कार्यालय आणि भारतीय वाणसामानाचे दुकान. कार्यालयाला तो एका सहकाऱ्याच्या मोटारीतून जाई. दुकान चालत जाण्याजोगे होते. बाकी कुठे जायचे झालेच तर टॅक्सी. आणि टॅक्सीचे भाडे रुपयांत मोजले की पाय आपोआप घरी वळत. रविवारी तो झोपून काढी, आणि आईला फोनवर सांगे, "मजेत आहे." त्याचे वजन उतरले होते, हे तिला फोनवर कसे दिसणार?

सात वर्षे ज्याला बस न्यायला आली, त्याला बस शोधायची सवय कशी लागणार? आमच्या वडिलांची गोष्ट निराळी होती. ते पिंपरीच्या कारखान्यात सायकलने जात. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. लोकलही आली ती १९७८ साली, पुण्याहून लोणावळ्यापर्यंत. त्या पिढीला रस्ता पायांनी आणि पायडलांनी पाठ होता. आमच्या पिढीला अठरावे लागले की दुचाकी, आणि नोकरी लागली की कंपनीची बस. स्वतः चौकशी करून, गाडी बदलून, चुकून, पुन्हा विचारून मुक्कामी पोचणे हा अभ्यास आमचा राहूनच गेला.

तर मी मोठ्या भावाच्या ऐटीत म्हणालो, "मी शोधून दाखवतो." त्याने चार प्रवासांच्या तिकिटांचा एक कागद कधीतरी आणून ठेवला होता. तो खिशात घातला आणि निघालो. स्थानकात फाटक नाही, तपासनीस नाही, कुणी अडवणारा नाही. मनात म्हटले, काय साधी माणसे आहेत! गाडीत बसलो. तिसऱ्या स्थानकानंतर साध्या कपड्यांतला एक गृहस्थ उठला आणि त्याने ओळखपत्र दाखवून तिकीट मागितले. मी मोठ्या रुबाबात कागद पुढे केला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि मान हलवली. तिकीट होते, पण त्यावर शिक्का नव्हता. फलाटावर एक लहानसे यंत्र असते, त्यात तिकीट घालून वेळेचा ठसा उमटवायचा असतो. ठसा नसलेले तिकीट म्हणजे तिकीट नव्हेच. दंड साठ युरो, म्हणजे तेव्हाचे पाच हजारांच्या वर रुपये. गृहस्थ अत्यंत सभ्य होता. त्याने पावती दिली आणि पुढच्या वेळी यंत्र कुठे पाहायचे तेही दाखवले. चूक माझीच होती. माझा चेहरा कसा झाला असेल त्याची कल्पना तुम्हीच करा.

पण त्या पाच हजारांत एक धडा मिळाला, तो तुम्हांला फुकट देतो. प्रत्येक शहराची तिकिटाची एक रीत असते, आणि ती रीत समजली की निम्मे शहर समजले. जर्मनीत विश्वासावर कारभार चालतो. फाटके नाहीत म्हणून तिकीट नको असे नाही. लंडनला उलट. तिथे भुयारी गाडीत शिरताना कार्ड लावायचे आणि बाहेर पडतानाही लावायचे. बसमध्ये मात्र फक्त चढताना. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. बँकेचे साधे कार्डही तिथे चालते. पण शिरताना कार्ड आणि उतरताना मोबाईल असे केलेत, तर यंत्राला ती दोन माणसे वाटतात आणि दोघांचेही पैसे कापले जातात. एकच कार्ड दिवसभर वापरले, तर ठरावीक रकमेनंतर त्या दिवसाचे भाडे वाढत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याच्या नोकरीनिमित्त तिकडे राहते आणि तिथून पुण्याचे काम करते. ती सांगते, "सर, मी पहिल्या महिन्यात भुयारातून फिरले, दुसऱ्या महिन्यात बसने, आणि मग मला लंडन दिसलं." बसचे भाडे कमी, आणि तासाभरात दुसऱ्या बसमध्ये चढलात तर त्याचे वेगळे पैसे नाहीत. टोकियोत आणखी तिसरेच. तिथे सुइका नावाचे कार्ड २००१ पासून आहे, फाटके आहेत, आणि शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास सुटते. ती चुकली, तर पहाटेपर्यंत थांबा नाहीतर टॅक्सीला खिसा मोकळा करा.

इथे घड्याळाचा प्रश्न येतो, आणि दुरून काम करणाऱ्याला तो सर्वांत जाचक. चाकणला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार. टोकियोत मात्र दुपारचे साडेबारा. म्हणजे इकडच्या वेळेने सायंकाळी सहाला काम संपवणारा माणूस टोकियोत रात्री साडेनऊला मोकळा होतो. जर्मनीतला माणूस उन्हाळ्यात दुपारी अडीचलाच सुटतो. माझा भाऊ अडीचला सुटे आणि पडदे ओढून झोपे. बाहेर ऊन रात्री नऊपर्यंत! मी त्याला म्हटले, "अरे, हा साडेसहा तासांचा दिवस तुला फुकट मिळतो आहे. तो घे." युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासाने सरकतात, त्या आठवड्यात तुमच्या बैठकांचीही वेळ सरकते, हे भिंतीवर लिहून ठेवा.

दंडानंतर आम्ही दोघांनी एक नेम केला. जी बस खिडकीखालून जाते, तिच्यात बसायचे, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे आणि तिनेच परत यायचे. उतरायचेही नाही. पहिल्या दिवशी इस्पितळ, टपालकचेरी आणि भाजीचा बाजार कुठे ते कळले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दिशेची बस. आठवड्याभरात भावाला शहराचा नकाशा तोंडपाठ झाला. त्याच मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून जर्मनीत देशभरच्या बस, ट्राम आणि साध्या आगगाड्यांसाठी महिन्याचे एकच तिकीट निघाले होते, तेव्हा ४९ युरोंचे. ते २०२५ साली ५८ आणि २०२६ साली ६३ झाले. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही, आणि महिन्याच्या दहा तारखेच्या आत बंद करायला सांगितले नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप जातात. जूनसाठी आम्ही दोघांनी ते घेतले आणि एका रविवारी ट्युबिंगेनला गेलो. संस्कृतचा प्रचंड कोश रचणारे रुडॉल्फ फॉन रोट ज्या विद्यापीठात शिकवत, ते हे गाव. मी कोशाच्या आठवणीत रमलो होतो. भाऊ मात्र नदीकाठी बसून आईशी बोलत होता. या वेळी "मजेत आहे" म्हणाला, ते मलाही खरे वाटले.

जाणाऱ्यांनी आणखी दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. राहत्या घराचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाईलची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते. सरकत्या जिन्यावर लंडनला उजवीकडे उभे राहतात, टोकियोत डावीकडे, आणि ओसाकात पुन्हा उजवीकडे. जपानच्या गाडीत फोनवर बोलू नये. जर्मनीत सायकलींच्या पट्ट्यावरून चालू नये, आणि रस्ता मोकळा दिसला तरी लाल दिव्यावर थांबावे. शेजारी लहान मूल उभे असेल तर त्याची आई तुमच्याकडे जे बघेल, ते दंडापेक्षा वाईट. आणि वाट विचारायला लाजू नका. आपल्याकडे पानवाला सांगतो, तिकडे थांब्यावरची म्हातारी सांगते.

एक गोष्ट वाहतुकीची नसली तरी सांगितलीच पाहिजे. संगणक पिशवीत टाकला की कुठूनही काम करता येते, हे खरे. पण पर्यटकाच्या व्हिसावर ते करायला मुभा असतेच असे नाही. दुरून काम करणाऱ्यांसाठी एस्टोनियाने २०२० साली वेगळा व्हिसा काढला, आणि पुढे इतर काही देशांनीही काढले. निघण्यापूर्वी आपल्या कागदांवर काय लिहिले आहे ते नीट वाचा, आणि कंपनीलाही विचारा.

आता तुम्ही म्हणाल, आम्हांला कुठे परदेशी जायचे आहे? पण ही तालीम इथेच करता येते. आपली पीएमपी २००७ पासून दोन्ही शहरांची एकच आहे. २०२२ च्या मार्चमध्ये पिंपरीहून मेट्रो सुरू झाली, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून ती थेट स्वारगेटला जाते. एका रविवारी दुचाकीची किल्ली खुंटीला ठेवा आणि घरच्यांना घेऊन निघा. बस, मेट्रो, लोकल यांची अदलाबदल करत पुण्याला जाऊन या. मुलाला तिकीट काढू द्या. एखादी गाडी चुकली तर चुकू द्या. जो मुलगा जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलायला शिकला, तो उद्या फ्रँकफुर्टला घाबरणार नाही.

भाऊ २०२४ च्या आरंभी परत आला. चाकणला तो आजही कंपनीच्याच बसने जातो, दुसरा इलाजही नाही. पण आता त्याचे डोळे उघडे असतात. गेल्या वर्षी हिवाळ्यात त्याच्या कंपनीत जर्मनीहून एक पाहुणा आला. तीन आठवडे त्याने हॉटेल आणि कारखाना यांखेरीज काही पाहिले नव्हते. गाडी न्यायला येई आणि सोडायला येई. भावाला हे चित्र ओळखीचे होते. रविवारी तो त्याला घेऊन मेट्रोने मंडईला गेला. मीही बरोबर होतो. पिंपरीच्या स्थानकात तिकीट हातात आले, तेव्हा पाहुणा थबकला आणि इकडे तिकडे भिंतीकडे पाहू लागला.

"काय शोधताय?" भावाने विचारले.

तो म्हणाला, "शिक्का मारायचं यंत्र."